जड रायफल, हलकी रायफल

दातांच्या डॉक्टरांनी रायफल घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या बायकोने एकच प्रश्न विचारला: ठेवायची कुठे? कशाला घ्यायची, हे तिने विचारलंच नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिला एवढं कळून चुकलं होतं, की ‘कशाला’चं खरं उत्तर हा माणूस देत नाही आणि ‘कुठे’चं उत्तर त्याच्याजवळ कधी नसतं. निदान दुसऱ्या प्रश्नावर त्याची फजिती तरी बघायला मिळते.

“कपाटात,” डॉक्टर म्हणाले.

“कुठल्या कपाटात?”

डॉक्टरांनी घरातली कपाटं डोळ्यांसमोर आणून पाहिली. त्यांतल्या एकातही काय आहे, हे त्यांना सांगता आलं नसतं. “बघू,” म्हणून ते दवाखान्यात निघून गेले. दवाखाना त्याच घराच्या तळमजल्यावर होता, त्यामुळे निघून जाण्यात म्हणावा तसा रुबाब नव्हता. शिवाय थोड्या वेळाने बायकोही खाली येऊन आपल्या टेबलाशी बसणारच होती. फोन घेणं, अपॉइंटमेंट देणं आणि घाबरलेल्या पेशंटला पाणी देणं, ही खाती तिच्याकडे होती.

कशाला, हे सांगण्यासारखं नव्हतंच. डॉक्टरांचे हात थरथरायला लागले होते.

सतत नाही. थरथर आपल्या सोयीने यायची आणि आपल्या सोयीने जायची, घरच्या जावयासारखी. डॉक्टरांना ती पहिल्यांदा कळली ती कानांनी. एका पेशंटच्या तोंडात त्यांनी छोटा आरसा धरला होता, तो पुढच्या दातावर टिकटिक वाजायला लागला. पेशंटला वाटलं, असंच असतं. डॉक्टरांनी चहा सोडला. हातांना त्याचा पत्ताही लागला नाही. मग त्यांनी संध्याकाळी चालायला जायचं सुरू केलं, मग रात्री लवकर झोपायला लागले. झोप चांगली लागायची, पण हात आपले थरथरायचेच.

मग बेकरीवाल्या बाईंची वेळ आली. खालची दाढ होती, काम सोपं होतं, आणि ड्रिल निसटून हिरडीला लागलं. रक्त आलं. तोंडात कापूस असल्यामुळे बाईंना ओरडता आलं नाही, नुसते डोळे मोठे झाले. चूळ भरल्यावर त्या म्हणाल्या, “काही नाही हो डॉक्टर, माझंच तोंड हललं.”

त्यांचं तोंड हललं नव्हतं. डॉक्टरांना ते माहीत होतं, बाईंनाही माहीत होतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर डॉक्टरांना परवडलं असतं. हा मोठेपणा मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना.

खरं तर यावर उपाय घरातच होता. डॉक्टरांची एकुलती एक मुलगी दातांचीच डॉक्टर होती. पेशंट तिला धाकट्या डॉक्टर म्हणत. ती एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये नोकरी करायची, आणि तिथे तिच्या वाट्याला एक खुर्ची, एक दिवा आणि दुसऱ्याच कुणाची तरी नर्स येई. दर थोड्या दिवसांनी ती वडिलांना विचारायची, “बाबा, मी येऊ का आपल्या दवाखान्यात?” आणि डॉक्टर दर वेळी म्हणायचे, “अगं, खुर्ची एकच आहे.” हे अगदी खरं होतं. दुसरी खुर्ची बाजारात मिळते, हेही खरं होतं, पण त्या बाबतीत बापलेक दोघंही मूग गिळून बसत.

अशात भूमितीचे मास्तर दाढेवर टोपी बसवून घ्यायला आले. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते आणि आता रायफल क्लबमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांना छऱ्यांच्या रायफलीने नेमबाजी शिकवत. तोंड उघडं ठेवायची वेळ आली की माणसाला बोलता येत नाही, याचा मास्तरांना फार राग होता. त्यामुळे चूळ भरायची परवानगी मिळाली रे मिळाली की ते साठलेलं सगळं बोलून टाकत.

“माणूस खोटं बोलतो, डॉक्टर. फूटपट्टीसुद्धा खोटं बोलते, तिचे कोपरे झिजतात. रायफल नाही बोलत. हात हलला की कागदावर दिसतं. वकील लावून उपयोग नाही.”

डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात पुन्हा कापूस घातला, पण तोवर उशीर झाला होता. वाक्य आत शिरलं होतं.

त्यांनी मनाशी एक परीक्षा ठरवली. रायफल घ्यायची. ती नीट शिकायची. मग एके दिवशी उभ्याने दहा छर्रे मारायचे. दहाच्या दहा कागदावरच्या काळ्या गोलात लागले, तर हात ठीक आहेत, दवाखाना चालू. एक जरी बाहेरच्या पांढऱ्यात गेला, तर मुलीला फोन. कुणाला काही सांगायचं नाही. पेपर काढणारा, देणारा आणि तपासणारा एकच माणूस असला, की अशा परीक्षेत सहसा कुणी नापास होत नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण ते स्वतःला शास्त्रीय वृत्तीचे समजत.

क्लबचा हॉल लांबोडका आणि बुटका होता. पलीकडे फर्निचरचा कारखाना असल्यामुळे हॉलमध्ये कायम सरसाचा आणि भुशाचा वास असायचा. एका टोकाला उभं राहायच्या जागा, दोन जागांच्या मधे खांद्याइतकी उंच लाकडी फळी, आणि दुसऱ्या टोकाला दिव्याखाली कागद लटकलेले. कप्पीची दोरी ओढली की कागद डुलत डुलत जवळ यायचा आणि आपली अब्रू घेऊन यायचा.

मास्तरांनी पहिल्याच रविवारी कायदा सांगितला.

“इथे कुणीही आल्या आल्या रायफल घेत नाही. आधी क्लबच्या रायफली वापरायच्या. त्यांनी तुम्हाला छळायचं, तुम्ही त्यांना छळायचं. मग कुठली घ्यायची ते बघू.”

“पण मला साधारण अंदाज आहे,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी बरीच माहिती वाचली होती.

“तो घरी ठेवून या.”

सुरुवातीचे रविवार बसून मारण्यात गेले. टेबलावर वाळूची पिशवी, पिशवीवर रायफल, आणि मागे डॉक्टर. यात हात कितीही हलला तरी पिशवी काही हलत नाही, त्यामुळे डॉक्टरांची प्रगती झपाट्याने झाली. फक्त एक भानगड झाली. छर्रे सगळे डावीकडे लागत होते. मास्तर म्हणाले, नेम धरायच्या मागच्या साइटची चकती उजवीकडे फिरवा. डॉक्टरांनी फिरवली आणि छर्रे आणखी डावीकडे गेले. पुन्हा फिरवली, तर शेजाऱ्याच्या कागदाला धोका निर्माण झाला. मास्तरांनी चकती बघितली, डॉक्टरांकडे बघितलं, आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. दातांचा डॉक्टर उभा जन्म आरशात बघून काम करतो. आरशात उजवं दिसलं की त्याचा हात आपोआप डावीकडे जातो.

“डॉक्टर,” मास्तर म्हणाले, “इथे समोर जे दिसतंय ते समोरच आहे.”

डॉक्टरांना हे पटायला तो रविवार पुरा लागला.

मग उभ्याने मारायची वेळ आली. क्लबच्या हलक्या रायफलीला दस्ता साधा, पिवळसर लाकडाचा होता. डॉक्टरांनी ती खांद्याला लावली. नळीचं टोक काळ्या गोलाभोवती घिरट्या घालत होतं. डावीकडून वर, वरून उजवीकडे, खाली, पुन्हा डावीकडे. माशीलासुद्धा इतका उत्साह नसतो. डॉक्टरांनी हळूच मागे वळून पाहिलं. मास्तर काडीने कान कोरत होते. कुणी पाहिलं नाही, असं डॉक्टरांनी ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी त्यांनी जड रायफल मागितली. ती काळी, भरीव होती आणि नळीखाली लोखंडी वजनं अडकवलेली होती. खांद्याला लावली आणि चमत्कार झाला. घिरट्या थांबल्या नाहीत, पण मंदावल्या. रायफल स्वतःच्याच वजनाने गप्प बसली. डॉक्टरांच्या मनात त्या वस्तूबद्दल एकदम माया दाटून आली. ते फळीच्या जवळ, डाव्या बाजूला सरकून उभे राहत. तिथे त्यांना का कोण जाणे बरं वाटायचं. कागदावर काळ्याच्या आत भोकं पडायला लागली, आणि डॉक्टर घरी येऊन पुन्हा चहा प्यायला लागले.

“झालं ठरवून,” त्यांनी बायकोला सांगितलं. “या रविवारी घेऊन टाकतो.”

“मीही येते,” बायको म्हणाली.

“तुला त्यातलं काय कळतंय?”

“सोफा तुम्ही एकट्याने आणला होता.”

त्या सोफ्यावर आजवर कुणालाही टेकून बसता आलेलं नव्हतं. 

रविवारी बायको क्लबमध्ये शिरली ती पर्स काखेत घट्ट धरून, जणू रायफली पाकीटमार असाव्यात. मास्तरांनी टेबलावर दोन रायफली मांडून ठेवल्या होत्या, पिवळसर आणि काळी. बायकोने दोन्हींभोवती एक फेरी मारली.

“यांवर धूळ बसते का?”

“वापरली तर नाही बसत,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे बसते.” तिने पिवळसर रायफल दोन्ही हातांनी उचलली, खाली ठेवली. “ही बरी आहे.” मग काळी उचलायला गेली आणि अर्ध्यावरच सोडून दिली. “ही कुणी उचलायची? अहो, तुमच्याच्याने गॅसचं सिलेंडर हलत नाही.”

“वजनाचा फायदा असतो,” डॉक्टर म्हणाले. “त्यामागे शास्त्र आहे.”

“मास्तर, तुम्ही सांगा,” बायको म्हणाली.

मास्तर सांगायला नेहमीच तयार असत. “हे बघा वहिनी, रायफल डोळ्यांनी निवडायची नसते. डॉक्टर, डोळे मिटा. मिटलेत? आता काळी उचला. खांद्याला लावा, गाल टेकवा. शरीराला बरं वाटेल तसे उभे राहा. उघडा डोळे. कुठे बघतेय नळी?”

नळी भिंतीवरच्या आग विझवायच्या बादलीकडे बघत होती.

“हा सवयीचा भाग आहे,” डॉक्टर म्हणाले.

“आता पिवळी. डोळे मिटा. उघडा.”

नळी कागदाकडे बघत होती. थोडी हलत होती, पण बघत होती कागदाकडेच. डॉक्टरांनी ती घाईघाईने खाली ठेवली.

“पिवळी तुमच्या मापाची आहे,” मास्तर म्हणाले. “पण तिला लपवाछपवी जमत नाही. श्वास चुकला, पाय चुकला, बोट जोरात दाबलं, सगळं दाखवते. काळी पोटात घालते. पहिली रायफल दाखवणारी असावी, असं माझं म्हणणं आहे. पुढे माणूस जाणता झाला, की घ्यावी हवी तेवढी जड.”

“मला काळीच घ्यायची आहे,” डॉक्टर म्हणाले. आवाज जरा चढला होता. त्यांचा आवाज सहसा पेशंटने बिल बघून तोंड वाकडं केलं तरी चढत नसे, त्यामुळे बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“घ्या की. माझं काय जातंय?” मास्तर म्हणाले. “तिच्यावर उभ्याने दहा मारा. मग बांधून देतो.”

दहा.  परीक्षा आजच येऊन ठेपली होती, तीही बायकोदेखत. त्यात दार उघडलं आणि हातात हेल्मेट घेऊन मुलगी आत आली.

“तू इथे कशी?”

“आईने बोलावलं.”

“कशाला?”

“सहज,” बायको म्हणाली. या घरात ‘कशाला’चं खरं उत्तर न देणारी ती आता दुसरी होती.

डॉक्टर आपल्या जागी जाऊन उभे राहिले. डावीकडे, फळीजवळ. पहिला छर्रा काळ्यात. दुसरा काळ्यात. मागे बायको आणि मुलगी बाकावर बसल्या होत्या. चौथ्यानंतर डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. सातव्यानंतर तो सुकला. आठवा थेट मध्यावर लागला. दहावा मारून त्यांनी रायफल खाली ठेवली, कप्पीची दोरी ओढली, आणि कागद डुलत डुलत त्यांच्याकडे आला. पांढऱ्यात एकही भोक नव्हतं.

डॉक्टरांना रडू येईल की काय असं वाटलं. त्यांनी खोकून वेळ निभावून नेली. दवाखान्याचे पडदे बदलायचे, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. दिवा नवा घ्यायचा. बेकरीवाल्या बाईंना फोन करून दुसऱ्या बाजूची दाढही बघून देतो म्हणायचं. मुलीला समजावून सांगायचं, की अनुभव मोठ्या हॉस्पिटलमध्येच मिळतो.

मास्तरांनी कागद हातात घेतला, उजेडात धरला आणि घडी घातली. मग आणखी एक घडी घातली.

“कागद सुरेख आहे,” ते म्हणाले. “पण बाद आहे.”

“बाद? का?”

“तुमचं डाव्या हाताचं बोट. करंगळीच्या शेजारचं. दहाही वेळा फळीला टेकलेलं होतं. उभ्याने मारताना रायफलीला किंवा अंगाला कसलाही आधार चालत नाही. बरेच रविवार बघतोय. म्हटलं, विकत घ्यायच्या दिवशी सांगू.”

“टेकलेलं नव्हतं,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. करंगळीशेजारचं बोट बाकीच्या बोटांपासून वेगळं होऊन बाहेर निघालेलं होतं. रायफल खाली ठेवली तरी ते तसंच होतं, हवेत काहीतरी चाचपत. बोटाच्या टोकाला फळीचा भुसा लागला होता.

बाकावर मुलगी खो खो हसली. “बाबा! दात शोधताय तुम्ही!”

मास्तरांना कळेना, तेव्हा तिनेच सांगितलं. दातांचं काम अधांतरी हाताने करता येत नाही. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात हे हाडीमासी खिळवतात. हातात काहीही असो, आरसा असो की ड्रिल, ते बोट आधी शेजारच्या पक्क्या दातावर टेकवायचं आणि मगच काम सुरू करायचं. माणूस घाबरलेला असो, दमलेला असो, ते बोट आपला दात शोधून काढतं. “मी तर भाजी चिरतानासुद्धा टेकवते,” ती म्हणाली, आणि मग वडील हसत नाहीत हे बघून थांबली.

मास्तरांनी दोन्ही बाजूंच्या फळ्या उचलून भिंतीला लावून ठेवल्या. “घ्या, पुन्हा मारा. आधाराशिवाय.”

मारायची गरज नव्हती, हे डॉक्टरांना कळत होतं. नको म्हणाले असते तरी चाललं असतं. पण शास्त्रीय वृत्ती आडवी आली. ते मोकळ्या जागेच्या मधोमध उभे राहिले. दोन्ही बाजूंना नुसती हवा. काळी, जड, गुणी रायफल त्यांनी खांद्याला लावली आणि तीसुद्धा घिरट्या घालायला लागली, सावकाश, म्हशीसारखी. काही छर्रे काळ्यात गेले, काही पांढऱ्यात. एक तर कागद सोडून दिव्याच्या पत्र्यावर लागला आणि टण्णकन आवाज झाला. दहा पूर्ण व्हायच्या आधीच डॉक्टरांनी रायफल खाली ठेवली. कागद जवळ ओढला नाही.

“आज जरा दमलोय,” ते म्हणाले. “सकाळी चहा जास्त झाला.”

“अहो, पुरे आता,” बायको म्हणाली.

ती रागावली नव्हती. तोच तर वांधा होता. ती उठून त्यांच्याजवळ आली.

“मला माहीत आहे. कधीपासून माहीत आहे. तुमचा आरसा वाजतो तो बाहेर माझ्या टेबलापर्यंत ऐकू येतो. रूट कॅनालचे सगळे पेशंट मी हिच्याकडे पाठवते. अवघड दाढा हिच्याकडे. तुमच्याकडे फक्त कवळ्या आणि सफाई येतेय, तुमच्या लक्षात नाही आलं?”

डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. लोक हल्ली दात नीट घासायला लागलेत, असा त्यांनी त्याचा अर्थ काढला होता. जाहिरातींचा परिणाम, असं ते एकदोघांना म्हणालेही होते. आता ते दोघे कोण ते आठवून डॉक्टर कानकोंडे झाले.

ते मुलीकडे वळले. “बेकरीवाल्या बाईसुद्धा?”

“त्या स्वतःहून आल्या,” मुलगी म्हणाली. “हिरडी सुजली होती. बरी झाली आता.”

“दुखलं का त्यांना? फार?”

मुलीने आईकडे बघितलं. आईने मास्तरांकडे बघितलं. मास्तर भिंतीला लावलेली फळी पुन्हा नीट लावायला गेले.

“हो बाबा,” मुलगी म्हणाली. “दुखलं.”

इतक्या महिन्यांत डॉक्टरांशी कुणीतरी पहिल्यांदाच सरळ बोललं होतं. त्यांना वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि त्याच वेळी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखंही वाटलं. ते बाकावर बसले. आपले दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले आणि आज पहिल्यांदा ते चारचौघांत लपवले नाहीत. हात थरथरत होते. सगळ्यांनी बघितलं. छत कोसळलं वगैरे काही नाही.

“माझे हात हलतात,” ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं. बोलून बघितल्यावर ते अगदी साधं निघालं.

“उद्या जाऊन दाखवून येऊ कुणाला तरी,” बायको म्हणाली. “मीच घेते अपॉइंटमेंट. तुमच्या भरवशावर नको.”

“हो.” मग ते मुलीला म्हणाले, “तू हॉस्पिटलमध्ये सांगून टाक. ये आपल्या दवाखान्यात.”

“पण खुर्ची एकच आहे ना?”

“एकच पुरे. ती तुझी.”

 मुलगी हेल्मेटचा पट्टा उगीचच लावत आणि काढत बसली. तिने हे ऐकायची किती वाट बघितली होती, पण ऐकायला मिळेल ते इथे, भुशाच्या वासात आणि अशा कारणाने, असं तिला वाटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते खुशाल येऊ दिलं.

“आणि तुम्ही काय करणार?” बायकोने विचारलं.

“मी बाहेर बसेन. तुझ्या शेजारी.”

“माझ्या शेजारी जागा नाही.”

“बघू.”

मास्तर परत आले. परिस्थिती निवळल्याचा अंदाज घेऊन त्यांनी काळी रायफल पेटीत ठेवली, कड्या लावल्या आणि पिवळीला हात घातला. “मग डॉक्टर, आजचा व्यवहार राहू देऊ या. तुमचं काम तर झालं.”

डॉक्टरांनी पिवळ्या रायफलीकडे बघितलं. काम झालं होतं, यात शंका नव्हती. ज्यासाठी रायफल हवी होती ते कारण आता उरलं नव्हतं. घरी ती ठेवायला जागाही नव्हती.

“ती राहू द्या बाहेर,” ते म्हणाले. “ती घेतो.”

“बाबा, पण ती सगळं दाखवते,” मुलगी म्हणाली.

“दाखवू दे की. कागदाला हिरड्या नसतात.”

मास्तरांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा मनाशी म्हणून बघितलं. मग ते एकदम मास्तर झाले. “उभे राहा मग. मधे. पाय एवढे लांब नको. आता ऐका. नळी थांबायची वाट बघू नका. ती कुणाचीच थांबत नाही, माझीही नाही. जे बक्षिसं घेऊन जातात, त्यांचीही नाही. ती फिरत असतानाच बोट हळूच दाबायचं. लागेल तिथे लागेल.”

“आणि चुकलं तर?”

“तर नवा कागद लावायचा.”

डॉक्टर मोकळ्या जागेत उभे राहिले. त्यांनी रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला. करंगळीशेजारचं बोट बाहेर निघालं. मुलीने पुढे होऊन ते हलकेच दस्त्यावर परत ठेवलं आणि ती मागे सरकली. नळीचं टोक फिरायला लागलं. डावीकडून वर, वरून उजवीकडे, खाली. बायको बघत होती, मुलगी बघत होती, मास्तर बघत होते. डॉक्टरांनी कुणाकडेच बघितलं नाही. ते नळीला फिरू देत राहिले, आणि ती फिरत असतानाच त्यांनी बोट दाबलं.

छर्रा काळ्यापासून चांगला लांब, पांढऱ्यात लागला. कुणालाही दुखलं नाही.